सांगू नका, त्यांना आठवू द्या

पंचाहत्तरीच्या माणसाला टॅबवर ब्रोकोली ओळखायला लावणं, हा गेली काही वर्षं माझा व्यवसाय आहे. त्याआधीची सगळी नोकरी मी परळच्या एका सरकारी रुग्णालयात ऑक्युपेशनल थेरपिस्ट म्हणून केली. म्हणजे काय, हे माझ्या सासूबाईंना शेवटपर्यंत कळलं नाही. त्या सगळ्यांना "आमची सून मालिश करते" असं सांगायच्या. मी मालिश करत नाही. शर्टाची बटणं लावणं, चहा करणं, एकट्याने बाहेर जाऊन घरी परत येणं, अशी आजारपणात हातातून निसटलेली रोजची कामं माणसाला पुन्हा शिकवायची, हे आमचं काम. निवृत्त झाल्यावर गप्प घरी बसले असते तर बरं झालं असतं. पण एका संस्थेने परळच्या एका शाळेतला रिकामा वर्ग भाड्याने घेतला, टॅब आणले आणि "स्मृतिवर्ग चालवाल का?" म्हणून मला विचारलं. मी हो म्हटलं. त्या दिवसापासून माझं ब्लडप्रेशर जे चढलंय ते अजून उतरलेलं नाही.

आमच्याकडे येणाऱ्यांना वेडबिड लागलेलं नसतं, हे आधी सांगते, कारण नातेवाईक ती भीती मनात घेऊनच येतात. ही माणसं आपला पेन्शनचा हिशोब नीट सांगतात, चाळीस वर्षांपूर्वीचं भांडण शब्दन् शब्द ऐकवतात, पण सकाळी गोळी घेतली की नाही ते त्यांना आठवत नाही. नाव जिभेवर येतं आणि तिथेच बसतं. ओळखीच्या रस्त्यावर एखादं वळण अनोळखी वाटतं. या टप्प्यावर डोक्याला नेमाने काम दिलं तर काही जणांना थोडा फायदा होतो. 'काही जणांना' आणि 'थोडा' हे शब्द मी संस्थेच्या प्रत्येक पत्रकात घालायला सांगते आणि ते प्रत्येक पत्रकातून गाळले जातात.

टॅबमधले खेळ कुठल्या देशात तयार झाले ते मला ठाऊक नाही, पण आमच्या देशात नक्की नाही. एका खेळात बाजाराची यादी दाखवतात, ती लक्षात ठेवायची आणि मग दुकानातून नेमक्या त्याच वस्तू उचलायच्या. वस्तू कोणत्या, तर ब्रोकोली, अ‍ॅव्होकाडो आणि कसलासा लाल रस. लालबागच्या राणेमावशींनी ब्रोकोली बघितली आणि टॅब माझ्याकडे सरकवला.

"ह्यो फ्लावर नासलो हा, बाई. मी घेवचंय नाय."

"मावशी, खोटा बाजार आहे हा. नुसतं बोट लावायचं."

"खोटो असलो म्हणून काय झाला? नासलेली भाजी घेवची?"

त्यांनी ती शेवटपर्यंत घेतली नाही. खेळाच्या मते त्यांची स्मरणशक्ती कमजोर ठरली. वर चूक झाली तरी पडद्यावर रंगीत फुगे उडतात आणि लिहून येतं, 'आपण विलक्षण आहात!' हे मराठी कोणी केलं, त्याला मला एकदा भेटायचंय.

फणसवाडीहून बसने येणारे गद्रे विमा कंपनीतले निवृत्त हेडक्लार्क. त्यांचं वेगळंच. खेळाला घड्याळ लावलेलं असतं, झटपट उत्तर द्यायचं. गद्रे प्रश्न वाचणार, चष्मा पुसणार, पुन्हा वाचणार. तोवर वेळ संपून फुगे उडणार. "बाई," ते मला म्हणाले, "मी आयुष्यात नीट वाचल्याशिवाय कशावर सही केली नाही. हा कोण मला घाई करणारा?" मी घड्याळ बंद करायची सोय शोधली. ती नव्हती. कंपनीला फोन केला तर तिथली मुलगी म्हणाली, "वेग हा मेंदूच्या आरोग्याचा भाग आहे, मॅम." ती माझ्याशी बोलत असताना एकीकडे काहीतरी खात होती.

टॅब घरी न्यायचा आणि रोज सराव करायचा, असा नियम. राणेमावशींच्या टॅबवरून काहीच नोंद येईना, म्हणून मी त्यांच्या घरी गेले. टॅब लोखंडी कपाटात, लग्नातल्या शालूच्या घडीत गुंडाळलेला, आणि कपाटाची किल्ली कुठे ठेवली ते मावशींना आठवेना. "मोडलो तर झील बोलतलो," मुलाच्या धाकाचं हे कारण. किल्ली तांदळाच्या डब्यात सापडली. ती शोधताना मावशींना जेवढी आठवण ताणावी लागली, तेवढी टॅबने कधीच ताणली नसती.

पण मला सांगायचंय ते जाधवकाकांबद्दल.

जाधवकाका वरळीच्या बीडीडी चाळीतले. गिरणीत होते, गिरणी गेल्यावर एका ऑफिसात शिपाई म्हणून राहिले आणि तिथूनच निवृत्त झाले. उंच, ताठ, पांढरा सदरा, खिशाला पेन. चाळीच्या तळमजल्यावर मंडळाचं वाचनालय होतं. काका रोज सकाळी तिथे जाऊन पेपर मोठ्याने वाचायचे, कारण दोस्तांपैकी कोणाला मोतीबिंदू, कोणाचा चष्मा हरवलेला. अग्रलेखावर तावातावाने भांडण व्हायचं आणि मग चहा. एकदा बाजारात गेलेले काका घरी येईनात. मुलगा प्रशांत शोधत गेला, तर ते एका बसस्टॉपवर बसलेले होते. कोणती बस पकडायची ते आठवेना आणि विचारायची लाज वाटली. त्या दिवसापासून प्रशांतने त्यांचं एकट्याने बाहेर जाणं बंद केलं. चाळ पडायला आली होती, जवळच्या नव्या टॉवरमध्ये चौदाव्या मजल्यावर घर मिळायचं होतं. तिथे तर हे अजिबात चालणार नाही, असं त्याने बजावलं.

"मुलगा म्हणतो, मी वाचनालयात सोडून येईन, घ्यायला येईन," काका पहिल्याच दिवशी म्हणाले.

"मग बरंच आहे की."

"बरं कसलं, मॅडम? बालवाडीत सोडल्यासारखा सोडणार मला? माझे दोस्त असतात तिथं. मला एकट्याला खाली जायचंय आणि एकट्याला वर यायचंय. बाकी तुमचं ते हिरवं झाड ओळखता नाही आलं तरी चालेल."

इतकी स्पष्ट मागणी माझ्याकडे क्वचित येते. पण टॅब खेळाच्या शेवटी शंभरपैकी एक आकडा दाखवतो आणि प्रशांत कॉम्प्युटरच्या कंपनीत, त्याचा आकड्यावर विश्वास. तो म्हणाला, "मॅडम, सिंपल आहे. ऐंशी आले की मी पप्पांना सोडतो. तोपर्यंत नाही." मी त्याला सांगून सांगून थकले, की खेळात हुशार झालेला माणूस खेळात हुशार होतो, लिफ्ट, वळण आणि दार ही वेगळी परीक्षा आहे. त्याने मान डोलावली आणि विचारलं, "पण ऐंशीला किती दिवस लागतील?"

काकांचा आकडा निम्म्यावर अडून बसला होता. आणि मग एकाएकी तो चढायला लागला. साठ झाला, सत्तर झाला, अठ्ठ्याहत्तर झाला. संस्थेच्या सोनल मॅडम हरखल्या. त्यांनी काकांचा हसरा फोटो काढून पोस्टर छापायला टाकलं. मला मात्र शंका आली, कारण वर्गात काका होते तिथेच होते. मी न कळवता चाळीत गेले.

गॅलरीत पाण्याचा पिंप उपडा घातलेला, त्यावर टॅब, समोर खुर्चीत काका आणि भोवती अख्खा मजला. शेजारच्या शांताबाई, नाक्यावर इस्त्रीचं दुकान चालवणारा रमेश, काठीवर रेललेल्या दोन म्हाताऱ्या.

"निळं, काका, निळं! आता ते पिवळं बदक!"

"थांब रे रमेश, बदक नंतर. आधी छत्री होती."

"काका, छत्री! वर, वर!"

काका बोट लावत होते आणि फुगे उडत होते. मी जी भडकले ती भडकलेच. आमच्या वर्गाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावलेलं आहे, 'सांगू नका, त्यांना आठवू द्या'. कंपनीचाच नियम तो. मी तो तिथल्या तिथे सगळ्यांना ऐकवला. रमेश खाली बघायला लागला. जाधवकाकू मात्र घरातून पदराला हात पुसत बाहेर आल्या.

"मग काय करायचं, मॅडम? माणूस हरतोय आणि आपण बघत बसायचं?"

"हो, काकू. बघत बसायचं. त्यालाच सराव म्हणतात."

"आमच्यात नाही होत तसं," काकू म्हणाल्या आणि मला चहा घेतल्याशिवाय सोडलं नाही.

त्यानंतर चाळ रिकामी झाली. घरं सोडतीत निघाली, त्यामुळे एका गॅलरीतली माणसं वेगवेगळ्या मजल्यांवर विखुरली. शांताबाई नवव्यावर, रमेश विसाव्यावर, आणि जाधवांच्या मजल्यावर सगळे दुसऱ्या चाळींतले. दारं बंद. काकांचा आकडा आठवड्याभरात घसरून पूर्वीपेक्षा खाली गेला. सोनल मॅडमचा फोन आला, "पोस्टर छापून झालंय हो, आता काय करायचं?" मी म्हटलं, चिकटवा ऑफिसात.

मी टॉवरमध्ये गेले तेव्हा काका खिडकीशी बसलेले होते. बाहेरच्या जाळीच्या दाराला कुलूप, किल्ली सुनेकडे. काकूंचे गुडघे गेलेले, त्यांना फार चालवत नाही. खाली नवं वाचनालय उघडलं होतं आणि तिथे दोस्त जमत होते, हे काकांना वरून दिसत नव्हतं पण ठाऊक होतं. "रमेश सांगतो, पेपर तसाच पडून असतो," ते म्हणाले. मला इतका राग आला, आणि तो नेमका कोणावर काढावा ते समजेना. प्रशांतवर काढावा तर तो खरंच घाबरलेला होता.

चौदाव्या मजल्याचा पॅसेज मी नीट बघून घेतला. लिफ्टमधून बाहेर आलं की दोन्ही बाजूंना सारखाच पॅसेज. सगळी दारं एका तपकिरी रंगाची, नावाच्या पाट्या एका मापाच्या आणि चष्म्याशिवाय न दिसणाऱ्या. मी टॉवरच्या सेक्रेटरीला म्हटलं, "जाधवांच्या दाराबाहेर काहीतरी ठळक लावू दे. एखादं तोरण, लाल रंगाचं काहीही." तो म्हणाला, "नियमात बसत नाही, मॅडम. एकसारखेपणा जातो." मी त्याला एकसारखेपणाबद्दल दोन शब्द सुनावले. ते इथे छापण्यासारखे नाहीत.

आता धंद्यातली एक गोष्ट सांगते. ज्याची आठवण कच्ची झालीय त्याला अंदाज करायला लावणं घातक असतं. बरोबर उत्तर त्याच्याकडून निसटतं, पण चुकून एकदा डावीकडे वळला तर ती चूकच पुढच्या वेळी आधी पुढे येते. म्हणून त्याला चुकूच द्यायचं नाही. आधी पूर्ण उत्तर सांगायचं. ते पक्कं झालं की निम्मं सांगायचं, मग नुसतं बोट दाखवायचं, मग नुसतं उभं राहायचं आणि शेवटी तेही नाही. ही आमची जुनी, साधी पद्धत आहे, रुग्णालयात मी ती हजारदा वापरली. टॅबचा खेळ याच्या नेमकं उलट करतो, आधी चुकवतो आणि मग फुगे उडवतो. आणि त्या गॅलरीत पिंपाभोवती जमलेली मंडळी, ज्यांच्यावर मी ओरडले होते, ती या पद्धतीची पहिली पायरी न शिकता करत होती. त्यांना फक्त हळूहळू गप्प बसायला शिकवायचं होतं.

फक्त! त्या माणसांना!

मी टॅबमधले खेळ काढून टाकले, कंपनी काय म्हणायची ती म्हणो. त्यात काकांच्याच टॉवरचे फोटो घातले. खालची लिफ्ट, चौदाचं बटण, बाहेर आल्यावर उजवीकडे भिंतीवरचं आग विझवायचं लाल नळकांडं, त्यापुढचं दार. काका घरी बसून तेच पुन्हा पुन्हा बघायचे, आणि प्रत्येक फोटोला टॅबमधून काकूंचा आवाज यायचा, "उजवीकडे हो." मग प्रत्यक्ष. वाचनालय ते लिफ्ट हा रस्ता सरळच होता आणि काकांना तो जमत होता. अडचण लिफ्टपासून पुढची. खाली लिफ्टपाशी रमेश, चौदाव्यावर वळणाला शांताबाई, दारात काकू. सून किल्ली द्यायची, आणि प्रशांत ऑफिसात. पहिले काही दिवस छान गेले, कारण सांगायचंच होतं. रमेश अर्ध्या लॉबीतून ओरडायचा, "काका, चौदा!"

गप्प बसायची पायरी आली आणि माझे हाल सुरू झाले. रमेश बोलायचा थांबला तर खोकायला लागला. काकांचं बोट तेराकडे गेलं की हा खोकणार.

"रमेश, खोकू नका."

"खोकला आहे, मॅडम. सीझनच तसा आहे."

शेवटी मी त्याला तोंडात पाण्याचा घोट धरून उभं केलं. शांताबाईंचं तर त्याहून अवघड. "माझ्याच्यानं नाही होत," त्या म्हणाल्या. "माणूस समोर उभा, डोळ्यानं विचारतोय, आणि मी मुकी? आमचं उभं आयुष्य एका गॅलरीत गेलं, मॅडम." मी म्हटलं, तोंडाला पदर लावा, पण आवाज काढू नका. माझ्या नोकरीत मी लकवा झालेल्या हातांना पेला उचलायला शिकवलंय. ते सोपं होतं.

एका रविवारी मी प्रशांतला सांगितलं, "आकडा विसरा. आज काका एकटे वर येतील. तुम्ही दार लावून आत थांबा." तो कपाळाला आठ्या घालून आत गेला. मी चौदाव्यावर जिन्याच्या दारामागे उभी राहिले. लिफ्ट उघडली, काका बाहेर आले, काखेत घडी केलेला पेपर. पॅसेजमध्ये येऊन थांबले. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. शांताबाई भिंतीला टेकून उभ्या, पदराचा बोळा तोंडात, डोळ्यांतून पाणी. काका त्यांच्याकडे बघत राहिले. डावीकडे गेले असते तर सगळी मेहनत पाण्यात होती. मग काकांची नजर लाल नळकांड्यावर गेली, ते उजवीकडे वळले, आपल्या दाराशी गेले आणि त्यांनी बेल मारली.

प्रशांतने दार उघडलं.

"केवढा वेळ लावतोस दार उघडायला?" काका म्हणाले आणि आत गेले.

प्रशांत त्यांच्या पाठीकडे बघून माझ्याकडे वळला. म्हणाला, "मॅडम, आता टॅबवर स्कोअर किती येईल?" मी त्याला मारलं नाही, हे माझ्या स्वभावाला धरून नव्हतं. पण तो आत जाऊन किल्ली घेऊन आला, नाडीत ओवली आणि बापाच्या सदऱ्याच्या खिशात घातली.

ते वर्ष काकांचं चांगलं गेलं. रोज खाली जायचे, पेपर वाचायचे, भांडायचे, वर यायचे. कंपनीच्या नोंदीत ते नापास आहेत, कारण त्यांच्या टॅबवर खेळच नव्हते. पोस्टर काढून टाकलं, त्याजागी आता गद्रे आहेत. तेही नापासच आहेत, पण फोटो चांगला येतो.

हा आजार एका जागी थांबतोच असं नाही, हे मी सगळ्यांना पहिल्याच दिवशी सांगते आणि ते कोणीच ऐकत नाही. यंदा गणपतीनंतर काकूंचा फोन आला. "आता पुन्हा थोडं थोडं सांगायला लागतंय," त्या म्हणाल्या. शांताबाई सकाळी वारा खायला म्हणून चौदाव्यावर येऊन उभ्या राहतात. समोरच्या दारातल्या बाई, ज्यांनी पहिलं वर्षभर तोंडही दाखवलं नव्हतं, त्या आता पेपरवाचन संपायच्या सुमाराला दार उघडं टाकून भाजी निवडायला बसतात आणि काका लिफ्टमधून आले की "इकडे, काका" म्हणतात. आम्ही ज्या क्रमाने एकेक शब्द काढून घेतला होता, त्याच्या उलट क्रमाने ते सगळे परत आले. प्रशांतला कोणी कळवलेलं नाही. कळवायला मीच हवी. कळवलं की किल्ली जाणार, हे मला माहीत आहे, आणि एक दिवस तेच योग्यही असेल. दर आठवड्याला मी फोन हातात घेते आणि मग कोणाला तरी ओरडायचं काम निघतं.

गेल्या महिन्यात त्याच टॉवरमध्ये दुसऱ्या एका आजींकडे गेले होते. खाली लिफ्टपाशी रमेश नव्हता, दुकानात गेला असावा. काका एकटेच आत शिरले, त्यांच्यामागून मी. काखेत पेपर, खिशाला पेन, सदरा कडक इस्त्रीचा. त्यांनी माझ्याकडे बघितलं, पण ओळखलं नाही. मग बटणांकडे बघितलं. बोट वर गेलं आणि तिथेच राहिलं. लिफ्टचं दार बंद झालं.

भिंतीवर लावलेला नियम मीच रोज वर्गात वाचून दाखवते. तोंडात पाणी नव्हतं, आणि पदर तर मी कधी घेतच नाही.

"चौदा, काका," मी म्हटलं.

"माहीत आहे मला," ते वैतागून म्हणाले आणि त्यांनी चौदा दाबलं. मग माझ्याकडे वळले, आवाज जरा खाली आणला. "तुम्हाला कितव्यावर जायचंय? नवीन दिसता. सांगा, लाजू नका. इथं सगळं सारखंच आहे, माणूस चुकतं."